एन बरोबर तीस

यादी सव्वीस पानांची होती. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर, प्रत्येक शोधनिबंधापुढे अनुक्रमांक आणि शेवटचा अनुक्रमांक ६४. व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या एका अध्यापकपदासाठी निवड समिती बसली होती आणि मी बाहेरची विषयतज्ज्ञ म्हणून गेले होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथं झालं ते कुठंही झालं असतं. शेजारचे सदस्य दुसऱ्या विद्याशाखेतले, सज्जन गृहस्थ. त्यांनी ती यादी उचलली, वजन अजमावल्यासारखी खालीवर केली आणि म्हणाले, "काम भरपूर दिसतंय हो मॅडम."

दुसऱ्या उमेदवाराच्या यादीत सात निबंध. दीड पानात मावलेले.

चहा येईपर्यंत मी चौसष्टांचे मथळे वाचत बसले. अमुक शहरातल्या कॉलेजच्या मुलांना ऑक्युपेशनल थेरपीची कितपत माहिती आहे. मग तिथल्याच शिक्षकांना कितपत आहे. मग डॉक्टरांना, मग पालकांना. (निष्कर्ष दरवेळी तोच: माहिती कमी आहे, वाढवायला हवी.) मग लॅपटॉपवाल्यांची मानदुखी, मोबाइलवाल्यांची अंगठेदुखी, शिलाई मशीनवाल्यांची कंबरदुखी. मग उपचारांचे अभ्यास, एकूण एकवीस, आणि बहुतेकांत रुग्ण तीस. पंधरा या गटात, पंधरा त्या गटात. चार किंवा सहा आठवडे उपचार, आधी मोजलं, नंतर मोजलं, फरक पडला.

एन, म्हणजे अभ्यासातल्या रुग्णांची संख्या, बरोबर तीस. आमच्या क्षेत्रात हे मंगलाष्टकांसारखं आहे, कुणी अर्थ विचारत नाही. हा तीस येतो कुठून? संख्याशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात 'तीस म्हणजे पुरेसा मोठा नमुना' असा एक ठोकताळा असतो, त्यातून थोडा येतो. खरा येतो तो वेळापत्रकातून. पदव्युत्तर विद्यार्थ्याने विषय ठरवायचा, इथिक्स कमिटीपुढे उभं राहायचं, दुरुस्त्या करायच्या, ओपीडी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात रुग्ण गोळा करायचे. तेवढ्यात तीसच मिळतात. मग प्रबंध बांधला जातो, त्याचा एक निबंध होतो, जमलं तर दोन होतात, आणि गाइडच्या यादीत अनुक्रमांक वाढतो. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी, नवा विषय, नवे तीस. आधीच्या तिसांचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी जात नाही, कारण त्याला अनुक्रमांक नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुनर्वसनाच्या क्षेत्रात संशोधकाची यादी मोजून काहीही कळत नाही. ती वाचावी लागते. आणि मोजत बसल्यामुळे नुसती चुकीची माणसं निवडली जातात असं नाही. आमचं संशोधनच तीस-तीसच्या तुकड्यांत फुटून गेलं आहे.

हा विषय नेमका काय, हे थोडं सांगायला हवं. व्यवसायोपचार म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही नोकरी लावून देतो. 'ओटी' म्हटलं तर ऑपरेशन थिएटर. नातेवाईक सरळ 'फिजिओवाल्या मॅडम' म्हणतात आणि मी केव्हाच दुरुस्त करायचं सोडलंय. आजाराने, अपघाताने किंवा जन्मापासून जे रोजचं करणं हातून सुटतं, खाणं, अंघोळ, कपडे, स्वयंपाक, शाळा, कामधंदा, ते पुन्हा जमवून देणं हे आमचं काम. हात परत येणारच नसेल तर काम करायची पद्धत बदलायची, भांडं बदलायचं, न्हाणीघराचा उंबरा काढून टाकायचा. शल्यविशारदाचं यश टेबलावर दिसतं. आमचं यश दिसलं तर रुग्णाच्या घरी दिसतं, आणि तेही काही महिन्यांनी.

एक प्रसंग सांगते. साताऱ्याकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, डाव्या बाजूचा अर्धांगवायू. आमच्याकडे आल्या तेव्हा चालत होत्या, उजव्या हाताने जेवत होत्या, कपडे सावकाश का होईना घालत होत्या. बार्थेल निर्देशांक नावाची एक मोजपट्टी जगभर वापरतात. त्यात खाणं, अंघोळ, कपडे, शौच, चालणं, जिना अशा दहा गोष्टी आणि एकूण १०० गुण. मावशींना ९० मिळाले. अंघोळीचे पाच आणि जिन्याचे पाच तेवढे गेले. कागदावर बाई जवळजवळ बऱ्या झालेल्या.

"हे समदं हाय वो ताई, पर भाकरीचं काय?" त्या म्हणाल्या.

भाकरीला दोन हात लागतात, हे पोळीवाल्या बाईंच्या जिवावर जगणाऱ्या आम्हा शहरी लोकांना मुद्दाम आठवावं लागतं. पीठ मळताना एक हात परात धरून ठेवतो, दुसऱ्याच्या तळव्याचा मागचा भाग पीठ रगडतो. थापताना उजवा तळवा पडतो तेव्हा डाव्या हाताची बोटं कड सावरत असतात आणि भाकरी फिरती ठेवतात. तो सावरणारा हात ढिला पडला की कड चिरते. मग ती अख्खी दोन्ही तळव्यांवर उचलायची आणि पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं. यातलं प्रत्येक पाऊल आमच्या भाषेत वेगळी क्षमता आहे: मनगट मागे वळवून भार घेणं, बोटांचा दाब कमीजास्त करणं, दोन हातांनी एकाच वेळी वेगवेगळं काम करणं. आम्ही आधी मातीच्या गोळ्यावर सराव घेतला, मग पिठावर. परातीखाली ओलं फडकं घातलं म्हणजे ती सरकत नाही. भाकरीचा आकार लहान केला. दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ गेला आणि एक दिवस विभागातल्या छोट्या शेगडीवर मावशींनी भाकरी टाकली. पुरीपेक्षा थोडी मोठी, एका बाजूला चिरलेली, पण फुगली.

त्या दिवशी बार्थेल निर्देशांक पुन्हा काढला. ९०.

या मावशी कुणाच्या तिसांत असत्या तर 'फरक पडला नाही' या रकान्यात गेल्या असत्या. खरं तर कुणीही त्यांना घेतलंच नसतं, कारण आधीच ९० असलेल्या रुग्णात मोजपट्टी हलायला जागा नसते आणि मोजपट्टी हलली नाही तर निबंध होत नाही.

यात बार्थेलबाईंचा दोष काहीच नाही. मूळ निबंध १९६५ चा, फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींचा. एक डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट. त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय की १०० गुण मिळाले म्हणजे रुग्ण एकटा राहू शकेल असं नाही; त्याला स्वयंपाक येईल, घर चालवता येईल असं समजू नका. गुण कसे द्यायचे याच्या सूचनाही त्यांच्या घरच्या आहेत: खाण्याचे पूर्ण गुण द्यायचे तर रुग्णाला पदार्थ कापता यायला हवेत, मीठ-मिरपूड घालता यायला हवी, पावाला लोणी लावता यायला हवं. आपल्याकडे आमटी-भात बोटांनी कालवणं, घास बांधणं, ताटाशी मांडी घालून बसणं हे खाणं. अंघोळीच्या कलमात बाथटब आहे, बादली-तांब्या नाही. साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी कुठेच नाही. ते त्यांनी अमेरिकेतल्या मेरीलँडच्या रुग्णांसाठी लिहिलं होतं, त्यांनी का घालावं?

घालायचं काम आपलं होतं. आणि ते काम कसं असतं बघा. मूळ प्रश्नावली दोघांनी एकमेकांना न दाखवता मराठीत आणायची. दोन्ही मसुदे जुळवायचे. मग जिने मूळ पाहिलेलं नाही अशा व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं आणि अर्थ कुठे घसरला ते शोधायचं. मग माणसांसमोर ठेवायचं. 'स्वतःची स्वच्छता करता का?' असं विचारलं की विदर्भातली बाई घर झाडण्याबद्दल बोलते आणि मुंबईतला माणूस दाढीबद्दल. पुन्हा शब्द बदलायचे. मग शंभर-दोनशे रुग्णांवर, दोन वेगवेगळ्या तपासनिसांकडून, आठवड्याच्या अंतराने पुन्हा. दोन-तीन वर्षं सहज जातात. याचा निबंध होतो एक. फार तर दोन. सात निबंधवाल्या उमेदवाराच्या यादीत असे दोन होते, आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या दोघांची किंमत मोबाइलवाल्यांच्या अंगठेदुखीइतकीच होती.

आता त्या मूळ बार्थेल निबंधाकडे पुन्हा या. तो छापून आला मेरीलँड राज्याच्या वैद्यकीय मासिकात, पान ६१ ते ६५. पाच पानं. एका राज्याच्या डॉक्टरांचं घरगुती म्हणावं असं नियतकालिक. आजच्या भाषेत 'हाय इम्पॅक्ट' अजिबात नाही. साठ वर्षं झाली, जगातल्या बहुतेक स्ट्रोक विभागांत ती पाच पानं रोज वापरली जातात. एच-इंडेक्स नावाचा जो आकडा हल्ली बायोडेटावर नावाखाली लावतात तो होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. तुमचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील तर तुमचा एच वीस. या हिशेबात एकच निबंध लिहिणाऱ्याचा एच, तो निबंध लाख वेळा उद्धृत झाला तरी, एक. महोनी आणि बार्थेल यांना त्या पाच पानांवर आमच्या समितीने किती गुण दिले असते याचा हिशेब मी त्या टेबलावर मनातल्या मनात केला. चहा कडू लागला.

संशोधकाच्या कामाची किंमत कशी करायची हे दाखवणारी उदाहरणं आमच्याच क्षेत्रात आहेत. १९९७ मध्ये फ्लॉरेन्स क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधल्या ३६१ वृद्धांवर एक अभ्यास केला. तीन गट. एका गटाला नऊ महिने व्यवसायोपचार, दुसऱ्याला नुसत्या गप्पागोष्टी, सहली, खेळ असा वेळ घालवण्याचा कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. गंमत दुसऱ्या गटात आहे. त्यांना तिसऱ्या गटापेक्षा विशेष फायदा झाला नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना 'गुंतवून ठेवलं' की भागतं, हा आपल्या विरंगुळा केंद्रांचा पाया तिथं हलला. रोजच्या आयुष्याची घडी त्या त्या माणसाबरोबर बसून विचारपूर्वक बसवून दिली तरच फरक पडला. पुढे त्याच मंडळींनी ४६० जणांवर पुन्हा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये आला. यावेळी काही मोजमापांवर फायदा दिसला, काहींवर नाही, आणि त्यांनी तसं छापलं. एकच प्रश्न पंधरा वर्षं धरून ठेवणारी यादी अशी दिसते. लांबीला कमी असते.

आपल्याकडचं उदाहरण यापेक्षा मोलाचं आहे. स्ट्रोकचे रुग्ण फार, थेरपिस्ट थोडे, तेव्हा घरच्याच एका माणसाला शिकवून पाठवावं, ही कल्पना आपण सगळेच वापरतो. मीही वापरते. ती खरंच चालते का? 'अटेंड' नावाच्या अभ्यासाने हे भारतातल्या १४ रुग्णालयांत तपासलं. १,२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना पद्धतशीर प्रशिक्षण, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पाहिलं तर दगावलेले किंवा परावलंबी असलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला तो निष्कर्ष आवडला नाही. दोनदा वाचला, तरी आवडला नाही. पण आज मी डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकाच्या हातात कागद देऊन मोकळी होत नाही, पुन्हा बोलावते, ते त्या निबंधामुळे.

चौसष्टांच्या यादीत 'काही फरक पडला नाही' असं सांगणारा एकही निबंध नव्हता. एकवीस उपचार तपासले, एकवीस वेळा गुण आला. एखाद्या कर्णधाराने सलग एकवीस वेळा टॉस जिंकला तर आपण त्याचा सत्कार करतो की नाणं हातात घेऊन बघतो?

नाणं न बघितल्याचे परिणाम जगाने भोगले आहेत. योशिहिरो सातो हे जपानमधले न्यूरोलॉजिस्ट. स्ट्रोक, पार्किन्सन अशा रुग्णांचं खुब्याचं हाड मोडू नये म्हणून काय करावं यावर त्यांनी एकामागून एक चाचण्या छापल्या, एक तर २००५ मध्ये 'जामा' या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात, ६२८ स्ट्रोक रुग्णांची. यादी दिपवणारी होती. अॅलिसन अॅव्हेनेल, अँड्र्यू ग्रे, मार्क बोलँड वगैरे संशोधकांनी ती मोजली नाही, वाचली. इतके रुग्ण इतक्या थोड्या काळात कुठून मिळाले? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे इतके सारखे कसे? त्यांना वर्षानुवर्षं चिकटून राहावं लागलं. 'जामा'ने तो निबंध २०१६ मध्ये मागे घेतला आणि सातो यांचे मागे घेतलेले निबंध आज शंभरावर आहेत. तोवर ते आकडे इतरांच्या आढाव्यांत जाऊन बसले होते. मी माझ्या चौसष्टवाल्या उमेदवारावर असला आरोप करत नाही, तो मुलगा मेहनती आहे आणि त्याने सांगितलेला खेळ नियमाप्रमाणे खेळला आहे. माझं भांडण खेळाशी आहे.

हा खेळ आपल्याकडे कसा रंगला हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय नावाचा गुणांचा हिशेब आणला. त्याची सावली आरोग्यशिक्षणावरही पडली. गुण हवेत म्हणून निबंध, निबंध छापायला नियतकालिकं, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांचं पीक आलं. पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या मान्य यादीत शिरलेली जी १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जाहीन होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं वगळली. मग मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. यादी गेली, मोजायची सवय राहिली. मला अजून आठवड्याला दोन-तीन पत्रं येतात, 'आदरणीय प्राध्यापक, आपल्या थोर कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत.' मागच्या पत्रातलं नियतकालिक कुक्कुटपालनाचं होतं.

याला एक उत्तर आहे, आणि ते मी हलकं समजत नाही. माझ्याच वयाचे एक सहकारी म्हणतात, "बाई, आकडा नव्हता तेव्हा काय होतं आठवतं ना? कुणाचा विद्यार्थी, कुणाचा भाचा, एवढंच बघायचे. आकड्याने निदान खेड्यातून आलेल्या मुलाला दाखवायला काहीतरी दिलं." बरोबर आहे. मीही त्याच काळातली, आणि मुलाखतीत 'घरी कोण कोण असतं?' या प्रश्नाचा अर्थ 'बाळंतपणाची रजा घेणार का?' असा असतो हे मला पहिल्या मुलाखतीतच कळलं. 'यादी वाचा' असं म्हणणं म्हणजे समितीच्या मर्जीवर सोडणं, आणि मर्जीला वशिल्याची चटक असते. म्हणून वाचन उघड्यावर हवं. उमेदवाराने स्वतःचे तीनच निबंध निवडावेत, त्यातलं स्वतःचं काम कोणतं ते अर्ध्या पानात लिहावं. (यादीत पाचवं नाव असलेल्याला हे अर्धं पान फार जड जातं, करून बघा.) ते तीन निबंध राज्याबाहेरच्या दोन वाचकांकडे नाव झाकून जावेत. छापील निबंधाचं नाव झाकत नाही हे मला कळतं, पण उमेदवाराचं आणि कॉलेजचं झाकता येतं. आणि त्यांनी जे मत दिलं ते उमेदवाराच्या हातात लेखी पडावं. वशिला लेखी कारणांना घाबरतो. आकड्याला तो घाबरत नाही, आकडा वाढवून देतो. गाइडने भाच्याचं नाव निबंधात घातलं की झालं.

निबंधांच्या मोजणीविरुद्ध दाखवायला संशोधन मूल्यमापनाचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आहे, २०१३ चा. माणसाचं काम त्याच्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातले निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्या आकड्यावरून, ठरवू नका असं तो बजावतो. त्याच्यावर सही करणं सोपं आहे. समितीच्या तक्त्यातला 'एकूण प्रकाशनं' हा रकाना खोडणं अवघड.

उलट बाजूचेही लोक आहेत आणि मला त्यांचा जास्त राग येतो, कारण ते आमचेच आहेत. "आपलं काम हातात आहे, पेपर कशाला?" असं म्हणणारे उत्तम थेरपिस्ट. भाषणात ते हमखास कमला निंबकरांचं नाव घेतात. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ लंडी निंबकरांच्या घरात येऊन कमलाबाई झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातलं पहिलं व्यवसायोपचार विद्यालय काढलं; १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा माहीत असलेल्यांना हे नाव परकं नाही. 'आजच्या नियमांत त्यांना बढती मिळाली नसती' या वाक्याला टाळ्या पडतात. पण त्याच कमलाबाईंनी आशियातल्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र नियतकालिक काढलं आणि चालवलं, हे कुणी सांगत नाही. लिहून ठेवणं त्यांना कामाचाच भाग वाटत होतं. परातीखाली ओलं फडकं घालायची युक्ती मला माझ्या शिक्षिकेने दाखवली. त्यांनी अशा शेकडो दाखवल्या असतील, मला पंचवीस-तीस आठवतात, बाई गेल्या आणि बाकीच्या युक्त्या त्यांच्याबरोबर गेल्या. हाताला स्मृती असते म्हणतात, पण ती हाताबरोबरच जळते.

तर मग लिहायचं, पण काय आणि कसं? माझ्याकडे एकच ठोस सूचना आहे आणि ती तिसांपासून सुरू होते. राज्यातली व्यवसायोपचाराची बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत. प्रबंध तिथंच जातात. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थी स्वतःचा नवा विषय शोधतो, कारण 'आधी झालेला विषय नको' असं गाइड सांगतो, जणू एखादी गोष्ट दुसऱ्यांदा तपासणं ही चोरी आहे. त्याऐवजी विद्यापीठाने पाच वर्षांसाठी दोन किंवा तीन प्रश्न ठरवावेत. दहा विद्यार्थी, प्रत्येकी तीस रुग्ण, एकच मोजपट्टी, एकच नोंदतक्ता: पहिल्या वर्षी तीनशे. तीन वर्षांत नऊशे. प्रत्येकाला स्वतःचा प्रबंध हवा ना? मग एकाने खांदादुखी बघावी, दुसऱ्याने सांभाळणाऱ्या सुनेची कंबर, तिसऱ्याने रुग्णाचं तोल जाऊन पडणं. मूळ नोंदी मात्र सगळ्यांच्या सारख्या आणि एका ठिकाणी. सहा महिन्यांनी फोन करून रुग्ण कसा आहे ते विचारण्याचं काम पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडे. वारीतल्या दिंडीसारखं, पताका पुढच्याच्या हातात द्यायची आणि चालत राहायचं. 'अटेंड'ने १४ रुग्णालयं एका प्रश्नाला जुंपून दाखवली आहेत, ती काही परदेशातली नव्हती.

अडचणी मला दिसतात. निबंधावर तीस नावं येतील आणि पहिलं कुणाचं यावरून महाभारत होईल. गाइड मंडळींच्या याद्या आखूड होतील. दहा वर्षांत वीस निबंधांऐवजी तीन. म्हणूनच निवडीचा नियम आणि प्रबंधाचा नियम एकदमच बदलावे लागतील, एक बदलून भागणार नाही. चाचण्यांच्या नोंदणीच्या बाबतीत असा बदल झालेला आहे: २०१८ च्या एप्रिलपासून आपल्या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणी सुरू होण्याआधीच नोंदवावी लागते, नंतर नाही. तेव्हाही 'विद्यार्थ्यांना जमणार नाही' म्हणून ओरड झाली. आता पहिल्या वर्षाची मुलं रात्री बारा वाजता तो फॉर्म भरत बसतात आणि जमतं.

समितीत पुढे काय झालं ते गोपनीय आहे. प्रकाशनांना वीस गुण होते, चौसष्टला वीसपैकी वीस, सातला सात, एवढं सांगायला हरकत नसावी. मी तक्त्याखाली पाच ओळींचं वेगळं मत लिहिलं आणि सही केली. शेजारच्या सज्जनांनी ते वाचलं, म्हणाले, "पटतंय, पण रकाना नाहीये ना." नंतर जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं की तुमच्याकडे सगळ्यांनी मिळून घ्यायचा पहिला प्रश्न कोणता ठरवाल. मी म्हटलं, स्ट्रोकनंतर सहा महिन्यांनी किती बायका पुन्हा स्वयंपाक करतात आणि कशाच्या मदतीने. ते म्हणाले, पुरुषांचं काय? यावर आमची खालच्या मजल्यापर्यंत वादावादी झाली. माझ्या एका सहकारी बाईंचा आग्रह मांडी घालून बसता येण्याचा आहे, त्यावर जेवण, पूजा, शाळा, शौच सगळं अवलंबून आहे म्हणतात. मी अजून भाकरीवर अडून आहे.